डॅटसन ५१०: चाकं, ब्रेक, सस्पेन्शन, आधी कशाला हात घालू?

एलसोळा:

नमस्कार मंडळी.

गाडी डॅटसन ५१०, १९७१ची, दोन दारांची. इंजिन मूळचंच, एल१६, १५९५ सीसी. हेड, कार्ब्युरेटर, क्लच असं सगळं उघडून नीट करून झालंय, त्यामुळे पळण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती थांबण्याबद्दल आणि वळण्याबद्दल.

पुढे डिस्क, मागे ड्रम, १३ इंची लोखंडी रिम, १६५चे टायर. म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच. घाट उतरताना चार-पाच वळणं झाली की पेडल खाली खाली जायला लागतं. जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग मधोमध असताना दोन बोटं इकडे-तिकडे केलं तरी चाकांना पत्ता नसतो. आणि वळणात अशी काही झुकते की शेजारी बसलेला माणूस बोलता बोलता गप्प होतो.

मनात काय आहे ते सांगतो, मग झोडपा. १५ बाय ७ इंची अलॉय, त्यावर १९५/५०चे टायर (१९५ मिमी रुंद, भिंत त्या रुंदीच्या ५० टक्के उंच). गाडी ५०-६० मिमी खाली. पुढे डॅटसनच्याच २८०झेडएक्स गाडीचे स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आणि ब्रेक. मागे डिस्क. १९७१ आणि १९७२ला अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतींच्या अडीच लिटरखालच्या गटात जॉन मॉर्टनने जिंकून दिलेली ती ४६ नंबरची ५१० फोटोत दिसली की हात शिवशिवतात, काय करणार.

मला रेसिंग करायची नाही. सुट्टीच्या दिवशी दोन-तीनशे किलोमीटर, त्यात घाट. सगळं एकदम करणं खिशाला झेपणारं नाही, म्हणून क्रम विचारतोय. मागे डिस्क खरंच लागते का? आणि रिमचा एक चांगला सेट आत्ता हाताशी आलाय, घेऊन टाकू का?

पाताळगामी:

भाऊ, आधी खाली घे. ५१० उंच उभी असली की जीप वाटते. स्प्रिंगचं दीड वेटोळं ग्राइंडरने उडव, काम फत्ते, तेही फुकटात. रिम मिळतायत तर सोडू नकोस, असे सेट परत दिसत नाहीत. बाकीचं होत राहतं.

मागचाआर्म:

पाताळगामी, रिमबद्दल तुमचं म्हणणं निम्मं पटलं. ग्राइंडर मात्र खाली ठेवा.

एलसोळा, तुमच्या पोस्टमध्ये चार तक्रारी आहेत आणि पाच-सहा नवे सुटे भाग. पण त्या चारपैकी तीन तक्रारी झिजेच्या आहेत. त्यांवर नवीन भाग चढवले तर आजार तसाच राहील, फक्त अंगावर कपडे भारी येतील. माझ्याकडे चार दारांची ५१० बरीच वर्षं आहे, आणि तिच्यावर जितके बाहेरचे भाग चढले त्यापेक्षा जास्त फरक मूळचे भाग ताजे केल्याने पडला. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

स्टिअरिंगपासून सुरुवात करा. ५१०ला रॅक नाही, बॉक्स आहे, आणि बॉक्सच्या विरुद्ध बाजूला, मधल्या रॉडचं दुसरं टोक पेलणारा आयडलर आर्म. गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद. एकाला आत बसवून स्टिअरिंग मधल्या मध्ये हळूहळू डाव्या-उजव्या हाताला हलवायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन खाली. आधी आयडलरकडे बघा, बॉक्सकडे नाही. मधला रॉड आडवा सरकण्याआधी आयडलरच्या टोकाला वर-खाली होताना दिसला, तर बुश गेलंय. हात लावून ठेवलात तर डोळ्याच्याही आधी बोटाला कळतं. मग टायरॉडची टोकं, मग लोअर आर्मचे बॉल जॉइंट, सगळ्यात शेवटी बॉक्स. लोक उलटं करतात. ढिलाई दिसली की बॉक्सवरचा स्क्रू आवळतात. बॉक्सचे दाते झिजतात ते मधल्या जागी, कारण आयुष्यभर गाडी सरळच जास्त चाललेली असते. तिथली ढिलाई आवळून काढली की वळणात स्टिअरिंग जड होतं आणि आपण होऊन सरळ येत नाही. स्क्रूला पाव फेऱ्यापेक्षा जास्त लागत असेल तर स्क्रू सोडा आणि बॉक्स उघडा.

आता टायर. बाकी सगळे निर्णय टायरवरून ठरतात, म्हणून आधी टायर ठरवा, रिम त्यानंतर. तुमच्या टायरच्या अंगावर चार आकडे असलेला कोड असेल. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आकडे किती जुने आहेत ते बघून इथे सांगा. १६५ आणि १३ इंच यांत अपराध काही नाही. रबर वाळलेलं असेल तर तो अपराध.

हिशेब असा. १८५/७०आर१३ची उंची साधारण ५८९ मिमी. १८५/६०आर१४ची ५७८. १९५/५०आर१५ची ५७६. तुमचे मूळ १६५ यांपेक्षा थोडे उंच. म्हणजे १४ किंवा १५ला गेलात की नुसत्या टायरनेच गाडी साधारण १ सेंमी खाली येते, स्प्रिंगला हात न लावता. गिअरिंगही जरा आखूड होतं, एल१६ला ते मानवतं. स्पीडोमीटर मात्र थोडा फुगवून सांगेल.

१५ घेऊ नका असं नाही, आज चांगले टायर त्याच मापात जास्त मिळतात. माझ्या गाडीला १४ बाय ६ आणि १८५/६० आहेत आणि मला ते शोभतातही आणि पुरतातही. खड्ड्याला टायरची भिंत थोडी तरी लागते. ही गाडी साडेनऊशे किलोच्या आसपासची, तिला ७ इंची रुंद रिमची गरज नसते, हौस असते. हौसेला माझी ना नाही, फक्त तिला गरज म्हणू नका.

रिम घ्यायच्या आधी या गोष्टी जुळतात का बघा. भोकं चार आणि पीसीडी, म्हणजे त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, ११४.३ मिमी. नव्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या छोट्या गाड्यांच्या चार भोकांच्या रिम बहुतेक १००च्या असतात. नुसत्या नजरेला सारख्या दिसतात, बसत नाहीत. स्टड १२ मिमी, आटे १.२५चे. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते, कमी हवा, शून्याच्या आसपासचा. ३५-४० ऑफसेटची ७ इंची रिम लावली तर आतल्या बाजूने स्ट्रटला भिडेल, आणि मग स्पेसरचं (मध्ये घालायच्या चकतीचं) शेपूट लागतं. नट कोणत्या बैठकीचे तेही बघा: काही जुन्या जपानी अलॉयना निमुळत्या नटाऐवजी वॉशरवर बसणारे, लांब मानेचे नट लागतात. चुकीच्या बैठकीवर आवळलेला नट घट्ट वाटतो, पण टिकत नाही.

आता गाडी खाली घेण्याचं.

५१०चा नावलौकिक मागच्या सस्पेन्शनमुळे झाला. १९६७ साली या किमतीच्या बहुतेक गाड्यांना मागे अख्खा एक्सल असताना हिला सेमी-ट्रेलिंग आर्म दिले, मागची दोन्ही चाकं सुटी. पण त्या आर्मचा बिजागर गाडीला तिरका बसवलेला असतो. त्यामुळे चाक वर गेलं की ते नुसतं वर जात नाही, वरून आत झुकतं (हा झुकाव म्हणजे कॅम्बर) आणि त्याचा टोही, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड किती आत-बाहेर आहे ते, बदलतो. कारखान्याने ठरवलेल्या उंचीच्या आसपास हे सगळं गोडीगुलाबीने चालतं. गाडी ६० मिमी खाली बसवलीत की तुम्ही कायमचे त्या चापाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसता. मागची चाकं वरून आत पडलेली, टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. आणि वळणात मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचं अंग उचललं जातं, कॅम्बर-टो दोन्ही एकदम बदलतात आणि शेपूट बाहेर. हा गुण सेमी-ट्रेलिंगवाल्या सगळ्याच गाड्यांत थोडाफार असतो, पण खाली बसवलेल्या गाडीत तो अंगावर येतो.

यावर उपाय आहे. मागच्या क्रॉसमेंबरवरची (आर्म जिथे जोडलेले असतात त्या आडव्या तुळईवरची) आर्मची भोकं लांबवून तिथे कॅम्बर आणि टो बदलता येण्याजोगे ब्रॅकेट वेल्ड करतात. त्या ४६ नंबरच्या गाडीसारख्या रेसच्या गाड्या खाली दिसतात त्या अशा कामानंतर. नुसती स्प्रिंग कापून नाही. आणि फोटोंचंच म्हणाल तर १९७०ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकली तीही ५१०च, आणि ती जमिनीला पोट टेकवून नव्हती चालत.

पुढच्या बाजूला दुसरी गंमत. मॅकफर्सन स्ट्रट. गाडी खाली आली की लोअर आर्म आडवा न राहता चाकाकडे चढता होतो. मग गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढलं की झुकायला जोर जास्त मिळतो. म्हणजे कमी झुकावी म्हणून खाली घेतली आणि झुकायची ओढ वाढवून ठेवली. सोबत टायरॉडचा कोन बिघडतो, खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपल्या मनाने वळतं. त्याला स्ट्रटचं बूड आणि स्टिअरिंग आर्म यांच्यामध्ये २०-२५ मिमीचा स्पेसर घालतात, लांब आणि चांगल्या दर्जाचे बोल्ट घेऊन. १३ इंची रिममध्ये मग टायरॉडचं टोक रिमला घासायची भीती असते. म्हणून म्हटलं, टायर-रिम आधी ठरवा.

माझं मत: २५ ते ३० मिमी, त्याखाली नाही. आणि तेही योग्य मापाच्या आखूड, थोड्या कडक स्प्रिंगने. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि जॅक लावून चाक लोंबकळलं की ती बैठकीतच सैल पडते.

मागची स्प्रिंग निवडताना एक लक्षात ठेवा. ती चाकापाशी नसते, आर्मवर आत बसते. त्यामुळे तिचा कडकपणा चाकापर्यंत पोचताना घटतो, आणि तो त्या गुणोत्तराच्या वर्गाने घटतो. गुणोत्तर समजा ०.७ असेल तर चाकाला निम्मीच स्प्रिंग जाणवते. पुढच्या स्ट्रटला जवळपास पूर्ण जाणवते. ‘पुढे-मागे सारख्या आकड्याची स्प्रिंग’ असं कोणी विकत असेल तर त्याला हे विचारा.

शॉकअपचं काम करताना: पुढच्या स्ट्रटच्या नळीत आता सीलबंद इन्सर्ट बसतात. नळी आतून रॉकेलने धुवा, जुनं तेल काढा, आणि इन्सर्ट सोडण्याआधी थोडं साधं इंजिन ऑइल नळीत ओता. इन्सर्ट आत गेल्यावर तेल त्याच्या कडेने वर चढतं आणि नळीच्या तोंडाच्या थोडं खाली थांबलं पाहिजे. ते शॉकअपला वंगण म्हणून नाही, गरमी बाहेरच्या नळीपर्यंत पोचावी म्हणून. वरचा मोठा नट आवळल्यावर इन्सर्ट आत खुळखुळता कामा नये. खुळखुळला तर खाली चकती घालून उंची भरा.

बुश. टेन्शन रॉडच्या (लोअर आर्मला पुढे-मागे हलू न देणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना कडक पॉलीयुरेथेन घालू नका. आर्म वर-खाली होतो तेव्हा त्या रॉडला थोडं कोनात फिरायला जागा लागते. दोन्हीकडून जखडला की आटे जिथे संपतात तिथे तडा जातो, आणि तो रॉड तुटला तर चाक मागे येतं. एका बाजूला रबर ठेवाच. बाकी ठिकाणी रबरी बुश घालणार असाल तर बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लोंबकळत आवळलेलं रबर आयुष्यभर पीळ घेऊन बसतं आणि लवकर फाटतं.

ब्रेकबद्दल ड्रमभक्त येतीलच, त्यांचा घास कशाला पळवू.

ड्रमभक्त:

हजर!

एलसोळा साहेब, आधी एक सांगा. गरम झाल्यावर पेडल खाली जातं की पेडल टणक राहतं पण गाडी थांबत नाही? दोन्ही वेगळे रोग. टणक पेडल आणि थांबणं नाही, म्हणजे पॅडने हात टेकले. पेडल खाली जातंय, स्पंजसारखं लागतंय, म्हणजे ब्रेक ऑइल कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) उकळून वाफ झालीय, किंवा मागचे ड्रम तापून फुगले आणि त्यांच्या आतले ब्रेक शू तितके लांब गेले. तुम्ही लिहिलंय ते दुसरं.

ऑइल शेवटचं कधी बदललंत? ते हवेतलं पाणी पितं. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायल्यावर १४०. डॉट ४: २३० आणि १५५. डॉट ५.१: २६० आणि १८०. जुनं डॉट ३ घेऊन घाट उतरणं म्हणजे चहाचं आधण घेऊन उतरणं. ताजं डॉट ४ भरा, चारही चाकांची हवा काढा, मागचे शू ॲडजस्ट करा. फक्त डॉट ५ नावाचं सिलिकॉनवालं यात मिसळू नका, नाव सारखं असलं तरी जात वेगळी.

गाडी डावीकडे ओढते म्हणजे दोष उजवीकडे शोधा. उजवा कॅलिपर काम करत नाहीये. पिस्टन गंजून अडकलाय किंवा उजवा रबरी होज आतून सुजून बंद झालाय. होज बाहेरून नव्यासारखे दिसतात, त्यावर जाऊ नका, सगळेच बदला. आणि हो, एका बाजूचा ब्रेक बिनकामाचा असेल तर दुसऱ्या बाजूला सगळी उष्णता जाते. तुमचं ‘पेडल खाली जातं’ निम्मं तिथूनच आलेलं असू शकतं.

उष्णतेचा अंदाज यावा म्हणून: माणसं धरून १०५० किलोची गाडी १०० किमीवरून थांबवली की ब्रेकना ४०० किलोज्यूलच्या वर पचवावे लागतात. ८०वरून २६०. वेग पंचवीस टक्के वाढला तर उष्णता पन्नास टक्क्यांच्या वर वाढते. २८०झेडएक्सची पुढची डिस्क आतून हवा खेळणारी आहे, ५१०ची भरीव. म्हणून ती अदलाबदल कामाची आहे, नाही म्हणत नाही. पण ती नंतर.

मागे डिस्क? माझं नाव बघा, उत्तर तिथेच आहे. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागच्या चाकांवर फारसं काही उरत नाही. जे उरतं त्याला ड्रम भरपूर. ड्रम फिरता फिरता शूला स्वतःच आत ओढून घेतो, डिस्कला ते जमत नाही, म्हणून डिस्कला दाब जास्त लागतो. शिवाय हँडब्रेक. डिस्कवर हँडब्रेक नीट लागावा म्हणून लोकांनी केलेल्या केबलच्या कसरती बघितल्यात का? घाटात गाडी उभी करायची असते ना?

डिस्क करायचीच असेल तर मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमच्या लाइनसाठी दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे का ते बघा. ड्रमला साधारण ०.७ बार धरून ठेवावा लागतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड कायम घासत राहतील.

आणि मास्टर सिलिंडर मोठा घालायची घाई नको. १९ मिमीचा काढून २२चा घातला तर पेडल कमी जातं, टणक लागतं, लोक खूश होतात. पण क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्शाने वाढलं. तेवढ्याच थांबण्यासाठी पाय तितका जास्त जोरात मारावा लागतो. पुढचे कॅलिपर मोठे झाल्यावर मोठा सिलिंडर, तोवर मूळचा.

शेवटचं. पुढे मोठे ब्रेक टाकले की सगळा भार पुढे सरकतो. मग लोक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आणतात. तो व्हॉल्व्ह मागचा दाब कमी करतो, फक्त कमी. मागे आधीच कमी पडत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा मागे थोडा मोठ्या बोअरचा व्हील सिलिंडर बघा.

पाताळगामी:

ठीक आहे, ग्राइंडर ठेवला. पण ३० मिमीला खाली घेणं म्हणत नाहीत, त्याला गाडीचा मूड बदलणं म्हणतात.

एलसोळा:

सगळ्यांचे आभार, आणि ताई, तुमची पोस्ट प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावलीय.

सांगितल्या क्रमाने उघडलं. आयडलरचं बुश अगदी गेलेलं. शेजाऱ्याला आत बसवलं होतं; तो स्टिअरिंग हलवतोय आणि रॉडचं टोक आधी नखभर वर उचलतंय, मग आडवं सरकतंय, डोळ्यांनी दिसलं. नवं बुश घातल्यावर दोन बोटांची ढिलाई अर्ध्या बोटावर आली, बॉक्सला हातही लावला नाही. उजव्या कॅलिपरचा एक पिस्टन जाम होता, काढताना कडेला गंजाचा गोल पट्टा. दोन्ही कॅलिपर नव्या सीलसह बांधले, होज सगळे नवे, डॉट ४. जुनं ऑइल निघालं ते काळ्या चहासारखं, त्यामुळे ड्रमभक्तांचा टोमणा शब्दशः लागू.

गाडी आता सरळ थांबते. घाटात अजून नेली नाही.

टायरचा कोड २०११चा निघाला. म्हणून ते बदलणं आलंच. हाताशी आलेला सेट १५ बाय ७, पीसीडी बरोबर, ऑफसेट शून्य. १९५/५० घालायला हरकत नाही ना? आणि पुढच्या ब्रेकसाठी २८०झेडएक्सचे स्ट्रट घ्यायचे ठरवले तर ते थेट बसतात का? कोणी म्हणतं बसतात, कोणी म्हणतं नाही.

मागचाआर्म:

दोघंही खरं बोलतायत, अर्धं अर्धं.

स्ट्रटची नळी आणि चाकाचा दांडा हा एकच तुकडा असतो, त्यामुळे ब्रेक हवे म्हटलं की अख्खा स्ट्रट येतो. खाली तो तुमच्याच ५१०च्या स्टिअरिंग आर्मला आणि बॉल जॉइंटला जोडला जातो, पीसीडीही तीच. म्हणून ‘बसतात’. पण स्प्रिंगची बैठक वेगळी, २८०झेडएक्स जड गाडी, तिची स्प्रिंग तुमच्या कामाची नाही. बहुतेक जण जुनी बैठक कापून आट्यांची बाही चढवतात आणि कमी व्यासाची सरळ स्प्रिंग वापरतात. म्हणून ‘बसत नाहीत’. बैठकीखालच्या कड्याचं वेल्डिंग नवशिक्याला देऊ नका, अख्ख्या गाडीचं पुढचं वजन त्यावर उभं राहतं. आणि गाडी खाली असेल तर नळीही आखूड करावी लागते, नाहीतर शॉकअपला वर जायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्याला तो बूड आपटतो. गाडी कडक झालीय असं वाटून लोक खूश होतात. ती कडक नसते, तळाला टेकलेली असते.

२८०झेडएक्स १४ इंची चाकांवर यायची, त्यामुळे तुमच्या १५मध्ये कॅलिपरला जागेचा प्रश्न नाही. पण तरीही रिम घ्यायच्या आधी एक रिम उसनी आणा, टायर न लावता. पुढची स्प्रिंग काढा, चाक जॅकने हळूहळू पूर्ण वर न्या आणि प्रत्येक उंचीला स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. आत स्ट्रट आणि टेन्शन रॉड, बाहेर मडगार्डची कड. टायरची जाडी वेगळी मोजून त्यात मिळवा. शून्य ऑफसेटच्या ७ इंची रिमवर १९५/५० बसतो, मापात आहे, पण मडगार्डची आतली कड बहुधा वळवावी लागेल. मागे तपासताना लक्षात ठेवा, चाक वर जाताना वरून आत झुकतं, त्यामुळे बाहेरच्या कडेपेक्षा आतली बाजू जास्त बघायची.

मागे खाली घेतलीत तर हाफ शाफ्टही (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) बघा. त्यात लांबी कमी-जास्त होऊ देणारे, खाचांत सरकणारे स्प्लाइन आहेत. ग्रीस वाळलं असेल तर जोर लागल्यावर ते अडकतात आणि मग झटक्यात सुटतात. वळणातून बाहेर पडताना मागून ठक् असा धक्का येतो आणि माणूस बिचाऱ्या शॉकअपला शिव्या घालतो. उघडून, धुऊन, नवं ग्रीस. सुटे करताना जोड्या खुणेने जपा, उलटसुलट बसवू नका.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, टायर बसल्यावर. रस्त्यासाठी मी पुढे उणे १ अंशाच्या आसपास कॅम्बर आणि १-२ मिमी टो-इन ठेवते. मागे उणे दीडच्या पुढे जाऊ देत नाही. मागे टो किंचित आतच हवा, बाहेर अजिबात नको. मशीनवाला ‘मागचं ॲडजस्ट होत नाही’ म्हणेल, ते खरंच आहे, मूळ ५१०ला ती सोय नाही. पण आकडे छापून घ्या. ते बघूनच कळेल की क्रॉसमेंबरचं काम लागणार की नाही. आत्ताच्या उंचीला एकदा मोजून घ्या, खाली घेतल्यावर परत. आकडे इथे टाका.

आणि झुकण्याची तक्रार अजून असेल तर स्प्रिंगच्या आधी पुढे जरा जाड अँटी-रोल बार (दोन्ही बाजू जोडून झुकणं अडवणारा दांडा) लावून बघा. रोजच्या रस्त्यावर स्प्रिंग मऊ राहते, वळणात मात्र गाडी अंग सावरते. मागे जाड बार मी लावत नाही. मागचं आतलं चाक हलकं झालं की साध्या डिफरन्शियलमध्ये ते नुसतं भिरभिरतं.

पाचवंदार:

मध्येच घुसतोय. माझी ५१० वॅगन आहे. हे सगळं मलाही लागू का?

मागचाआर्म:

पुढचं सगळं लागू. मागचं काहीच नाही: वॅगनला मागे पाट्यांची स्प्रिंग आणि अख्खा एक्सल. कॅम्बरची कटकट तुम्हाला नाही, त्याबद्दल पेढे वाटा. शॅकलचे बुश आणि पाट्यांमधला गंज बघा, शॉकअप चांगले घ्या, आणि सामान भरून किती खाली बसते ते मोजल्याशिवाय उंचीला हात लावू नका. वेगळा धागा काढा, इथे एलसोळांचे आकडे यायचेत.